जेम्स मूर (सायकलपटू)

जेम्स मूर (जन्म : बरी सेंट एडमंड्स, इंग्लंड, १४ जानेवारी १८४९, मृत्यू : लंडन, १७ जुलै १९३५) हे सायकल शर्यतींच्या आरंभकाळातील एक अग्रगण्य इंग्लिश सायकलपटू होते. त्यांचे बालपण व तारुण्य पॅरिसमध्ये गेले. ३१ मे १८६८ रोजी पॅरिसजवळच्या सँ-क्लू उद्यानात झालेली शर्यत त्यांनी जिंकली. ७ नोव्हेंबर १८६९ रोजी पॅरिस ते रुआँ ही जगातील पहिली मोठी लांब पल्ल्याची रस्ता-शर्यतही त्यांनीच जिंकली. या दुसऱ्या शर्यतीत त्यांच्या सायकलीच्या चाकांना बॉल बेअरिंग बसविलेले होते. पॅरिसमधील कारागीर जूल सुरिरे यांनी त्याचे एकस्व (पेटंट) शर्यतीच्या तीनच महिने आधी मिळविले होते. त्यामुळे मूर यांचे नाव एकाच वेळी दोन इतिहासांत येते : सायकल शर्यतींच्या आणि बॉल बेअरिंगच्या. आसाचे घर्षण कमी करून शर्यतीतील वेग वाढविण्याचा प्रयत्न आजही चालू आहे. त्याची पहिली ठळक जाहीर परीक्षा म्हणून पॅरिस–रुआँ शर्यतीकडे पाहिले जाते.

== जन्म आणि बालपण ==

मूर यांचा जन्म इंग्लंडच्या सफक परगण्यातील बरी सेंट एडमंड्स या गावी झाला. ते सुमारे चार वर्षांचे असताना मूर कुटुंब पॅरिसला स्थलांतरित झाले. तेथे त्यांच्या घराजवळच मिशो कुटुंब राहत असे. पियेर मिशो हे लोहारकाम व गाड्यांचे सुटे भाग बनविण्याचा व्यवसाय करीत. १८६० च्या दशकाच्या आरंभी त्यांच्या कारखान्यात दुचाकीच्या पुढच्या चाकाला पायटे (पॅडल) बसविण्यात आले. या कल्पनेचे श्रेय पियेर मिशो यांचे, त्यांचा मुलगा एर्नेस्ट याचे की पियेर लालमाँ या दुसऱ्या कारागिराचे, याविषयी इतिहासकारांत मतभेद आहेत. मात्र पायट्यांच्या दुचाकीला लोकप्रियता मिळाली ती मिशो यांच्या कारखान्यामुळे, याविषयी दुमत नाही.

शेजारामुळे मूर यांची मिशो कुटुंबातील मुलांशी मैत्री झाली आणि हे नवे वाहन त्यांना इतरांच्या आधी हाताळायला मिळाले. पॅरिसमधील श्रीमंत तरुणांना दुचाकीवर तोल सांभाळणे शिकण्यासाठी पैसे देऊन तालमीत जावे लागत होते, त्या काळात मूर तिच्यावर सराईतपणे फिरत होते. पुढील यशाचा पाया येथेच घातला गेला.

== त्या काळातील दुचाकी ==

मूर यांच्या कामगिरीचे मोल समजण्यासाठी त्यांच्या हातातील यंत्र कसे होते हे पाहणे आवश्यक आहे. त्या दुचाकीला फ्रेंच व इंग्रजीत व्हेलोसिपीड म्हणत. तिचा सांगाडा लोखंडाचा असे. चाके बैलगाडीच्या चाकांप्रमाणे लाकडी, लाकडी आऱ्यांची असून त्यांवर लोखंडी धाव चढविलेली असे. साखळी नव्हती. पायटे थेट पुढच्या चाकाच्या आसाला जोडलेले असल्याने पायांची एक फेरी म्हणजे चाकाची एक फेरी होई. चाक जितके मोठे, तितके एका फेरीत अंतर जास्त कापले जाई. एवढे सारे लोखंड आणि लाकूड मिळून वाहनाचे वजन आजच्या सायकलीच्या दुप्पट किंवा त्याहूनही अधिक भरे. खडबडीत रस्त्यावर ते इतके हादरे देई की इंग्लंडमध्ये त्याला हाडे खिळखिळी करणारे वाहन म्हणून ओळखत.

या वाहनाच्या आसाला आधार देणारा भाग, म्हणजे बेअरिंग, अगदी साधा असे. काशाच्या किंवा पितळेच्या नळकांड्यात लोखंडी आस फिरत असे. दोन्ही धातू एकमेकांवर थेट घासत, आणि त्यांच्यामध्ये तेलाचा पातळ थर टिकून राहील एवढीच काय ती सोय असे. बैलगाडीचा तुंबा आणि आस यांचा संबंध असतो तसाच हा संबंध होता. वंगण ताजे असेपर्यंत चाक बऱ्यापैकी फिरे. तेल गळून गेले, त्यात रस्त्याची धूळ मिसळली किंवा पावसाचे पाणी शिरले, की आस तापू लागे, करकरू लागे आणि चालकाची शक्ती उष्णतेच्या रूपाने वाया जाई. लांबच्या प्रवासात थांबून पुनःपुन्हा तेल घालणे हा सायकल चालविण्याचाच एक भाग होता.

== सँ-क्लू येथील शर्यत ==

मिशो यांच्या व्यवसायात पुढे ऑलिव्हिए बंधू भागीदार झाले. नव्या वाहनाचा प्रसार व्हावा या हेतूने ३१ मे १८६८ रोजी पॅरिसच्या पश्चिमेस असलेल्या सँ-क्लू उद्यानात शर्यती भरविण्यात आल्या. मूर यांनी सुमारे १,२०० मीटर अंतराची शर्यत ३ मिनिटे ५० सेकंदांत जिंकली. त्या वेळी त्यांचे वय १९ वर्षे होते.

ही जगातील पहिली सायकल शर्यत होती, असे दीर्घकाळ मानले जात होते. सँ-क्लू उद्यानात मूर यांच्या विजयाची नोंद करणारा फलकही बसविण्यात आला. मात्र समकालीन वृत्तपत्रांचा अभ्यास करणाऱ्या नंतरच्या संशोधकांनी या समजुतीला छेद दिला आहे. त्याच दिवशी सँ-क्लू येथे एकाहून अधिक शर्यती झाल्या आणि मूर यांनी जिंकलेली शर्यत त्यांतील पहिली नव्हती. शिवाय फ्रान्समध्ये त्याआधीही लहानसहान शर्यती झाल्याच्या नोंदी आढळतात. त्यामुळे जगातील पहिल्या सायकल शर्यतीचे विजेते हे बिरुद आता जपून वापरले जाते. सँ-क्लूच्या शर्यतींनी या खेळाला मोठा प्रेक्षकवर्ग आणि वृत्तपत्रीय प्रसिद्धी मिळवून दिली, हे मात्र सर्वमान्य आहे.

इंग्लंडमधील इली येथील संग्रहालयात मूर यांची म्हणून ओळखली जाणारी एक जुनी दुचाकी जतन केलेली आहे. तीच सँ-क्लूच्या शर्यतीतील दुचाकी आहे काय, याविषयीही अभ्यासकांनी शंका घेतली आहे.

== सुरिरे यांचे बॉल बेअरिंग ==

फिरणाऱ्या आसाभोवती गोळ्या ठेवून घर्षण कमी करण्याची कल्पना मूर यांच्या काळात नवी नव्हती. वेल्समधील कार्मार्थन येथील फिलिप व्हॉन या लोखंड-व्यावसायिकाने घोडागाडीच्या आसासाठी अशा बेअरिंगचे एकस्व १७९४ मध्येच घेतले होते. परंतु एकसारख्या आकाराच्या, पुरेशा कठीण आणि गुळगुळीत गोळ्या तयार करणे त्या काळात फार कष्टाचे व खर्चाचे होते. त्यामुळे ही कल्पना व्यवहारात फारशी रुजली नाही.

जूल सुरिरे हे पॅरिसमधील दुचाकी बनविणारे कारागीर होते. त्यांनी दुचाकीच्या चाकासाठी बॉल बेअरिंग तयार केले आणि ३ ऑगस्ट १८६९ रोजी त्याचे फ्रेंच एकस्व मिळविले. यातील पोलादी छर्रे पॅरिसच्या सँत-पेलाजी तुरुंगातील कैद्यांकडून घासून घेतले होते, असे सायकलीच्या इतिहासात नमूद केले जाते. प्रत्येक छर्रा हाताने घासून दुसऱ्याच्या बरोबरीचा करणे हे अत्यंत कंटाळवाणे आणि वेळखाऊ काम होते. ते करून घेण्यासाठी स्वस्त मजुरीचा आधार घ्यावा लागला, यावरूनच त्या काळी एक बेअरिंग तयार करणे किती अवघड होते याची कल्पना येते.

छर्रे एकसारखे असण्याला एवढे महत्त्व का, हे त्यांच्या कार्यपद्धतीवरून स्पष्ट होते. आस आणि तुंबा यांच्यामधील गोल खोबणीत छर्रे ओळीने बसविलेले असतात. आस फिरला की छर्रेही गडगडत पुढे जातात. त्यामुळे धातूवर धातू घासण्याऐवजी धातूवर धातू लोळतो, आणि लोळणाऱ्या वस्तूला होणारा विरोध घासणाऱ्या वस्तूच्या तुलनेत फारच कमी असतो. परंतु ओळीतील एखादा छर्रा इतरांपेक्षा किंचित मोठा असेल, तर सगळा भार त्याच्यावर येतो. तो खोबणीला खड्डे पाडतो किंवा स्वतः फुटतो, आणि फुटलेल्या छर्ऱ्याचे तुकडे उरलेल्यांचाही नाश करतात. म्हणजे छर्रे असमान असलेले बॉल बेअरिंग नीट तेल दिलेल्या साध्या बेअरिंगपेक्षाही वाईट ठरू शकते.

== पॅरिस–रुआँ शर्यत ==

''ल व्हेलोसिपीड इलुस्त्रे'' हे दुचाकीला वाहिलेले नियतकालिक १८६९ मध्ये रिशार लेसक्लीद यांच्या संपादकत्वाखाली निघत होते. या नियतकालिकाने ऑलिव्हिए बंधूंच्या साहाय्याने पॅरिस ते रुआँ अशी सुमारे १२३ किलोमीटरची शर्यत आयोजित केली. उद्यानातील गुळगुळीत वाटेवर चार मिनिटे पळविण्याचे खेळणे म्हणजे दुचाकी, हा समज दूर करून ती दूरच्या प्रवासाचे खरेखुरे वाहन आहे हे सिद्ध करणे, हा शर्यतीमागील हेतू होता. स्पर्धकांनी कुत्र्याकडून वाहन ओढून घेऊ नये आणि शिडाचा वापर करू नये, असे नियमही घालण्यात आले होते.

७ नोव्हेंबर १८६९ रोजी सकाळी पॅरिसमधील विजयकमानीपासून शर्यत सुरू झाली. शंभराहून अधिक स्पर्धक निघाले. हिवाळा तोंडावर होता, दिवस लहान होता आणि हवा पावसाळी होती. रस्ते कच्चे, खाचखळग्यांचे व चिखलाचे होते. चढ आला की बहुतेक स्पर्धकांना खाली उतरून वाहन ढकलत न्यावे लागे, कारण थेट आसाला जोडलेल्या पायट्यांमुळे चढावर बळ कमी-जास्त करण्याची कोणतीही सोय नव्हती.

मूर सुमारे १० तास ४० मिनिटांत रुआँ येथे प्रथम पोहोचले. त्यांचा सरासरी वेग ताशी साडेअकरा किलोमीटरच्या आसपास होता. त्यांच्यामागून सुमारे १५ मिनिटांनी कास्तेरा आणि बोबिये हे दोघे एकत्रच आले. निर्धारित २४ तासांच्या आत शर्यत पूर्ण करणाऱ्यांची संख्या तीसच्या थोडीच पुढे गेली. त्यांत मिस अमेरिका या टोपणनावाने सहभागी झालेली एक महिलाही होती आणि तिने २९ वा क्रमांक मिळविला. मूर यांना १,००० फ्रँकचे पारितोषिक मिळाले.

ताशी साडेअकरा किलोमीटर हा वेग आजच्या वाचकाला सामान्य वाटेल. परंतु घोड्याला मध्ये विश्रांती देऊन किंवा बदलून जे अंतर कापावे लागे, ते एका माणसाने एका दिवसात केवळ स्वतःच्या पायांच्या बळावर पार केले, ही गोष्ट त्या काळी आश्चर्याची होती.

== विजयात बेअरिंगचा वाटा ==

सुरिरे यांचे बेअरिंग आणि मूर यांचा विजय यांची सांगड पुढील काळातील लेखनात नेहमी घातली गेली. बॉल बेअरिंगमुळे मूर जिंकले असे विधान अनेक ठिकाणी आढळते. ते कितपत योग्य आहे, हे साध्या गणिताने तपासता येते.

चालक आणि वाहन यांचे एकूण वजन १०० किलोग्रॅम, चाकाचा व्यास ९० सेंटिमीटर आणि आसाचा व्यास २ सेंटिमीटर असे उदाहरणादाखल धरू. तेल दिलेल्या साध्या बेअरिंगमधील घर्षण भाराच्या सुमारे ५ ते १० टक्के असते. परंतु आसाचा घेर चाकाच्या घेराच्या ४५ व्या भागाइतकाच असल्याने रस्त्यावर त्याचा परिणाम तितक्याच पटीने घटतो. म्हणजे वाहन पुढे नेण्यासाठी बेअरिंगपोटी सुमारे १०० ते २०० ग्रॅम वजनाइतका जोर जास्त लावावा लागतो. याउलट भरीव धावेचे चाक खराब रस्त्यावर लोळविण्यासाठी भाराच्या २ टक्के जोर लागतो असे मानले, तरी तो २ किलोग्रॅम वजनाइतका होतो. म्हणजे साधे बेअरिंग काढून बॉल बेअरिंग बसविल्याने एकूण विरोधात ५ ते १० टक्क्यांची बचत होऊ शकते. साध्या बेअरिंगमधील तेल चिखलपाण्याने धुऊन गेले, तर हा फरक याहून वाढतो.

दुसऱ्या बाजूने पाहता, १५ मिनिटांची आघाडी म्हणजे मूर यांच्या एकूण वेळेच्या केवळ सव्वादोन ते अडीच टक्के होती. त्यामुळे बेअरिंगने दिलेला फायदा निर्णायक ठरण्याइतका होता, असे म्हणण्यास जागा आहे. १२३ किलोमीटरच्या अंतरात एक मीटर व्यासाचे चाक सुमारे ३९,००० वेळा फिरते. प्रत्येक फेरीत वाचलेले थोडेसे बळ दिवसाच्या अखेरीस मोठे होते. उद्यानातील १,२०० मीटरच्या शर्यतीत हा फरक क्वचितच जाणवला असता. साडेदहा तासांच्या शर्यतीत तो जाणवणे स्वाभाविक होते.

तथापि, विजयाचे सर्व श्रेय बेअरिंगला देणेही योग्य ठरत नाही. मूर यांच्या दुचाकीचे पुढचे चाक मागच्यापेक्षा मोठे होते आणि तिच्या चाकांवर रबर बसविलेले होते, असे वर्णन आढळते. रबरामुळे हादरे आणि रस्त्याचा विरोध दोन्ही कमी होतात. मोठ्या चाकामुळे पायांच्या एका फेरीत अधिक अंतर कापले जाते आणि खड्ड्यांवरून चाक अधिक सहज जाते. शिवाय चढावर वाहन ढकलत चालताना बेअरिंगपेक्षा माणसाची दमछाक न होण्याची क्षमता अधिक उपयोगी पडते. मूर यांनी बॉल बेअरिंगशिवायही सँ-क्लू येथे विजय मिळविला होता आणि नंतरही वेगवेगळ्या वाहनांवर ते अनेक वर्षे जिंकत राहिले. म्हणून उत्तम चालकाच्या हाती उत्तम यंत्र आले आणि दोघांचाही फायदा झाला, हा निष्कर्ष अधिक समतोल ठरतो. सुरिरे आणि ज्यांची नावेही मागे उरली नाहीत असे तुरुंगातील कारागीर यांचा या विजयातील वाटा मान्य केल्याने मूर यांची कामगिरी कमी होत नाही.

== इंग्लंडमधील कारकीर्द ==

जुलै १८७० मध्ये फ्रान्स आणि प्रशिया यांच्यात युद्ध सुरू झाले. फ्रान्समधील दुचाकी-उद्योग त्यामुळे जवळजवळ ठप्प झाला आणि या वाहनाच्या सुधारणेचे केंद्र इंग्लंडकडे, विशेषतः कव्हेंट्री, बर्मिंगहॅम व वुल्व्हरहॅम्प्टन या औद्योगिक शहरांकडे सरकले. मूर यांच्या शर्यतींचे क्षेत्रही याच काळात इंग्लंड झाले. वुल्व्हरहॅम्प्टन येथील मॉलिन्यू मैदान हे त्या वेळी सायकल शर्यतींचे एक प्रमुख केंद्र होते. तेथील शर्यतींत मूर यांनी १८७० च्या दशकात सातत्याने यश मिळविले आणि मॅकग्रेगर चषक अनेकदा जिंकला.

दरम्यान वाहनाचे रूप पालटले होते. पॅरिसमधील युजीन मेयर यांनी १८६९ मध्ये तारांच्या आऱ्यांचे चाक बनविले होते. इंग्लंडमध्ये जेम्स स्टार्ली आणि विल्यम हिलमन यांनी ताणलेल्या तारांच्या चाकांची एरियल ही दुचाकी बाजारात आणली. लाकडी आऱ्यांची जागा तारांनी घेतल्याने चाक हलके झाले आणि त्याचा आकार वाढविता आला. अशा रीतीने उंच पुढच्या चाकाची सायकल अस्तित्वात आली.

१८७३ मध्ये मूर यांनी मॉलिन्यू मैदानावर सुमारे सव्वा मीटर व्यासाच्या पुढच्या चाकाच्या एरियलवर एका तासात साडेचौदा मैल, म्हणजे सुमारे २३.३ किलोमीटर अंतर कापले. एका तासात कापलेल्या अंतराच्या विक्रमांचा इतिहास सांगताना ही कामगिरी आरंभीच्या नोंदींत गणली जाते. १८७६ मध्ये फ्रँक डॉड्स यांनी सुमारे २६.५ किलोमीटर अंतर कापून ती मागे टाकली. पॅरिस–रुआँ शर्यतीतील सरासरी वेगाच्या तुलनेत १८७३ मधील मूर यांचा वेग दुप्पट होता. गुळगुळीत मैदान व अल्प कालावधी यांचा त्यात वाटा होताच; परंतु चार वर्षांत यंत्र किती सुधारले होते हेही त्यातून दिसते.

== उत्तरायुष्य ==

मूर यांनी १८७७ च्या सुमारास शर्यतींतून निवृत्ती घेतली. त्यांनी पशुवैद्यकाचे शिक्षण घेतले होते. पुढील आयुष्यात ते फ्रान्समध्ये शर्यतीच्या घोड्यांशी संबंधित व्यवसायात रमले. त्यांना दीर्घायुष्य लाभले. लाकडी चाकांच्या दुचाकीवर शर्यती जिंकलेल्या या सायकलपटूने हवेच्या टायरचा, साखळीच्या सायकलीचा, मोटारगाडीचा आणि विमानाचाही उदय पाहिला. १७ जुलै १९३५ रोजी वयाच्या ८६ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

== बॉल बेअरिंगचा पुढील विकास ==

पॅरिस–रुआँ शर्यतीनंतर बॉल बेअरिंग लगेच सर्वत्र पोहोचले नाही. छर्रे तयार करण्याची अडचण कायम होती. इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमच्या जोसेफ ह्यूज यांनी १८७७ मध्ये सायकलीच्या बॉल बेअरिंगचे एकस्व घेतले आणि विल्यम बाउन यांनी ते एओलस या नावाने विक्रीस आणले. १८७८ मध्ये डॅनियल रज यांनी झिजेनुसार घट्ट-सैल करता येणारे बेअरिंग तयार केले. सायकलीच्या तुंब्यात आजही आढळणारी वाटी आणि कोन यांची रचना याच विचारातून विकसित झाली : कोन आत फिरवला की छर्ऱ्यांवरील दाब वाढतो, बाहेर फिरवला की कमी होतो.

छर्ऱ्यांची मूळ अडचण जर्मनीतील श्वाइनफुर्ट या गावी सुटली. तेथील फ्रीडरिश फिशर यांनी १८८३ मध्ये पोलादी छर्रे एकसारख्या गोलाईचे व आकाराचे घासून देणारे यंत्र तयार केले. कैद्यांनी हाताने केलेले काम आता यंत्र मोठ्या प्रमाणावर आणि अधिक अचूकपणे करू लागले. छर्रे स्वस्त झाले आणि बॉल बेअरिंग सामान्य सायकलीतही आले. पुढे मोटारगाड्या, विजेची यंत्रे आणि कारखान्यांतील असंख्य उपकरणे याच भागावर चालू लागली. शर्यतीच्या सायकलीसाठी केलेला हा प्रयोग अशा रीतीने एका मोठ्या उद्योगाचा आरंभ ठरला.

== वंगण आणि शर्यतीचा वेग ==

बॉल बेअरिंगमुळे वंगणाची गरज संपली नाही. तिचे स्वरूप बदलले. साध्या बेअरिंगमध्ये तेलाचा थर हाच दोन धातूंना एकमेकांपासून दूर ठेवत असे. बॉल बेअरिंगमध्ये वंगणाची मुख्य कामे तीन आहेत : छर्रे आणि खोबणी यांची झीज टाळणे, गंज रोखणे आणि धूळ-पाणी आत येऊ न देणे.

वंगणाच्या निवडीत वेग आणि टिकाऊपणा यांची ओढाताण असते. पातळ तेलाचा विरोध अत्यल्प असतो, पण ते लवकर गळून जाते. घट्ट ग्रीस दीर्घकाळ टिकते व पाणी अडविते, पण छर्ऱ्यांना त्यातून वाट काढावी लागते. त्यामुळे बंदिस्त मैदानावरील अल्पकालीन शर्यतींसाठी पातळ तेल आणि रस्त्यावरील लांब शर्यतींसाठी ग्रीस, अशी विभागणी सायकलपटूंमध्ये दीर्घकाळ रूढ होती. पावसाळी हवेत चिखलातून साडेदहा तास चाललेली पॅरिस–रुआँसारखी शर्यत दुसऱ्या प्रकारात मोडते.

बेअरिंग जुळविण्याची पद्धतही तितकीच महत्त्वाची असते. कोन फार घट्ट केला तर छर्रे दाबले जाऊन चाक जड फिरते आणि खोबणीला खड्डे पडतात. फार सैल ठेवला तर चाक आसावर डुगडुगते आणि भार मोजक्याच छर्ऱ्यांवर येतो. जुने ग्रीस पूर्ण काढून टाकणे, छर्रे व वाट्या पुसून तपासणे, झिजलेले छर्रे एकेक न बदलता पूर्ण संच बदलणे आणि ताजे ग्रीस भरून चाक मोकळे पण न डुगडुगता फिरेल असा कोन बसविणे, ही सायकल दुकानांत ओव्हरहॉलिंगच्या वेळी होणारी नेहमीची कामे याच तत्त्वांवर आधारलेली आहेत. सर्व छर्रे एकदम बदलण्यामागचे कारण सुरिरे यांच्या काळातील अडचणीचेच आहे : नवा छर्रा जुन्या झिजलेल्यांपेक्षा किंचित मोठा असतो आणि सगळा भार त्याच्यावर येतो.

आधुनिक शर्यतीच्या सायकलींत बंदिस्त बेअरिंग आणि काही वेळा सिलिकॉन नायट्राइड या चिनी मातीसारख्या कठीण पदार्थाचे छर्रे वापरले जातात. सुस्थितीतील पोलादी बेअरिंगमध्ये चाकापाठीमागे वाया जाणारी शक्ती मुळातच एका वॅटच्या आसपास किंवा त्याहून कमी असते, तर शर्यतीतील सायकलपटू काहीशे वॅट शक्ती निर्माण करीत असतो. त्यामुळे आज महागडे बेअरिंग बसवून होणारा फायदा मूर यांना झालेल्या फायद्याच्या तुलनेत अगदी लहान असतो. साध्या बेअरिंगकडून बॉल बेअरिंगकडे जाणे ही मोठी झेप होती. त्यानंतरच्या सुधारणा ही त्याच मार्गावरील लहान पावले आहेत.

== मूल्यमापन ==

मूर यांच्या नावापुढे लावली जाणारी काही बिरुदे इतिहास-संशोधनापुढे टिकलेली नाहीत. सँ-क्लूची शर्यत जगातील पहिली नव्हती, आणि तेथील त्यांचा विजय त्या दिवसातीलही पहिला नव्हता. पॅरिस–रुआँ शर्यतीचे महत्त्व मात्र अबाधित आहे. तिने सायकल हे लांबच्या प्रवासाचे वाहन असल्याचे दाखवून दिले, आणि १८९१ मधील बोर्दो–पॅरिस व पॅरिस–ब्रेस्त–पॅरिस यांसारख्या पुढील दीर्घ शर्यतींची परंपरा तिच्यापासून सुरू झाली.

याच शर्यतीने आणखी एक गोष्ट रूढ केली. शर्यत ही केवळ चालकांची स्पर्धा न राहता यंत्रांचीही परीक्षा झाली. बाहेरून न दिसणारा, तुंब्याच्या आत दडलेला एक लहानसा भाग दिवसभराच्या श्रमाचा निकाल बदलू शकतो, ही जाणीव सायकल बनविणाऱ्यांना आणि चालविणाऱ्यांना झाली. शर्यतीच्या आधी चाक हाताने फिरवून ते किती मोकळे फिरते हे पाहण्याची सायकलपटूंची सवय याच जाणिवेचा वारसा आहे. मूर यांचे स्थान या दृष्टीने केवळ एका विजेत्याचे नसून यंत्र आणि माणूस यांच्या भागीदारीतून घडलेल्या खेळाच्या आरंभीच्या प्रतिनिधीचे आहे.